देवबागेत कोण बुडलो?

मला पोहता येतं, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. मला विहिरीत पोहता येतं. विहिरीचा मोठा गुण असा, की ती माणसाला जागच्या जागी ठेवते. बुडवलं तरी तिथेच, तारलं तरी तिथेच. समुद्र माणसाला उचलून भलतीकडे नेतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं; आणि पोहता येणाऱ्या माणसाने असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून मीही विचारलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात मराठी व्याकरण शिकवतो. पुढे जे रामायण झालं त्यात पाण्याचा दोष चार आणे आणि व्याकरणाचा बारा आणे.

मालवण

केशव धुरी हा माझा साताऱ्यातला शेजारी, तारऑफिसात कामाला. दर उन्हाळ्यात तो गावी जायचा आणि येताना फणसपोळी, कोकमं आणि गजाली घेऊन यायचा. गजाली म्हणजे गप्पा. पण आमच्या घाटावरच्या गप्पांना कुठेतरी शेवट असतो, गजालीला नसतो. त्या वर्षी वैशाखात तो म्हणाला, "मास्तर, या खेपेला तुम्हीच चला. देवबागेला माझे काका-काकी आहेत. नुसतं खायचं आणि पडायचं." त्यातलं 'पडायचं' मी फारच मनावर घेतलं.

मालवणच्या एस.टी. स्टँडवर उतरलो तेव्हा घाटातल्या वळणांनी माझं तोंड पिकल्या लिंबासारखं झालं होतं. तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेला एक म्हातारा आमच्याकडे बघून ओरडला, "केशव इलो रे, केशव इलो!"

मी केशवला म्हटलं, "यांचंही नाव केशवच वाटतं?"

"का हो?"

"ते म्हणतायत ना, केशव आलो म्हणून."

केशवने सामान खाली ठेवलं आणि पोट धरून हसला. मग मला, व्याकरणाच्या मास्तराला, भर स्टँडवर धडा मिळाला. मालवणीत 'इलो' म्हणजे 'आला'. तो इलो, तो गेलो, तो पडलो. स्वतःबद्दल बोलायचं असेल तर 'मी इलंय', 'मी पडलंय'. म्हणजे आमचा प्रथमपुरुष तो त्यांचा तृतीयपुरुष. मला ही गोष्ट फार आवडली. जूनमध्ये वर्गात सांगायला बरी, म्हणून मी ती डोक्यात नीट ठेवून दिली. डोक्यात नीट ठेवलेली गोष्ट वेळेवर हाताला लागत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

खानावळीत जेवायला बसलो. बांगड्याचं तिखलं समोर आलं. त्यात हिरवट, गोल, मिरीपेक्षा थोरलं असं काहीतरी तरंगत होतं. ते तिरफळ. त्याचा वास घ्यायचा आणि ते ताटाच्या कडेला ठेवायचं. मी ते चावलं. जीभ बराच वेळ माझी राहिली नाही. खानावळवाल्या बाई लांबून बघत होत्या, केशवला म्हणाल्या, "ह्यो घाटी मां?" मी ओळख करून द्यायच्या आत ओळख पटली होती.

देवबाग

तारकर्लीवरून वाळूतून पाय ओढत देवबागेला पोचलो. देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबट जीभ आहे. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्ली नदी, आणि जिभेच्या टोकाशी दोघांची गाठ. मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरं, आणि पुन्हा माड. पुढच्या दारातून समुद्र दिसतो, मागच्या दारातून नदी. आमच्याकडे पाणी शोधायला जावं लागतं. इथे पाणी दोन्ही बाजूंनी माणसाला शोधत आलेलं.

केशवने मला काका-काकींच्या ताब्यात दिलं आणि तो वालावलला सासुरवाडीला निघून गेला. मेव्हणीचं लग्न ठरत होतं. "दोन दिवसांत येतो. तोवर तुम्ही काही करू नका," असं जाताना म्हणाला. माणसाची पारख त्याला आहे.

बाबलकाका म्हणजे उंच, वाळका, कानात बाळी घातलेला आणि आवाजाने घराबाहेर राहणारा माणूस. दर्याबद्दल तो वाया गेलेल्या धाकट्या भावाबद्दल बोलावं तसा बोले: मारायचा अधिकार फक्त आपला. स्वतःबद्दल तो इतकं चांगलं बोले की दुसऱ्या कोणाला काही शिल्लक ठेवत नसे. काकी ठेंगणी, गोल, कमी बोलणारी; पण जे बोलायची ते मिठात मुरलेल्या कैरीसारखं.

पावसाआधीचे दिवस. गावातल्या होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकून टाकल्या होत्या. एकच होडी अजून उघडी, समुद्राकडच्या वाळूवर लाकडी ओंडक्यांवर उभी. दिसायला मोठी विचित्र. एक फळी तांबूस, शेजारची पिवळी, तिच्या खालची काळपट. जणू सुताराने गोधडी शिवलेली. पहिल्या संध्याकाळी काकीने केळीच्या पानात भाजलेला सुका बांगडा आणि भाकरी दिली. ती घेऊन मी ऐटीत त्या होडीत जाऊन बसलो आणि मावळतीकडे बघत खाऊ लागलो.

"ए मास्तर! भायर! भायर येवा आदी!"

काका वाळूतून धावत येत होता. मला वाटलं, होडीत साप आहे. मी पानासकट उडी मारली. बांगडा मात्र होडीतच राहिला. काकाने तो दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर टाकावा तसा लांब फेकला आणि सगळी होडी पाण्याने धुऊन काढली.

"ह्या होडयेक माशाचो वास लागूक नाय आजपतूर," तो म्हणाला. "तुमी लावलास."

मासेमाऱ्यांच्या गावात मासा न चालणारी होडी! मी ओशाळून विचारलं, मग ही कशासाठी?

"माणसासाटी," काका म्हणाला, आणि होडीच्या सावलीत फतकल मारून बसला. गजाल सुरू झाली.

"माज्या आज्याच्या येळार ह्या तोंडार एक गलबत फुटला. दिसाढवळ्या. भुतूरली माणसां हाका मारीत, आनि आमचे गाववाले काठार उबे ऱ्हवान भांडत. होडी कोणाची घालूची? ह्यो म्हणता तुजी, तो म्हणता तुजी. फुटली तर भरून कोण देतलो? भांडण सोपला तवसर हाक येवची बंद झाली."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. एवढा वेळ गप्प बसलेला मी त्याला नंतर एकदाच पाहिला.

त्या दिवसानंतर गावाने ठरवलं की एक होडी अशी हवी जिला धनीच नाही. प्रत्येक घराने एकेक फळी दिली. कोणी फणसाची, कोणी आंब्याची, कोणी उंडीची. ज्याच्याकडे काही नव्हतं त्याने म्हणे घराच्या दाराची. होडी देवीच्या नावाने केली. तिचं सुकाण धरणारा म्होरक्या, म्हणजे तांडेल, आता बाबलकाकाच होता. तिने मासे धरायचे नाहीत, माल वाहायचा नाही, वऱ्हाड न्यायचं नाही. शंख वाजला की जवळ असतील ते सहा गडी उठणार आणि होडी पाण्यात घालणार. कोण बुडतोय, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे परतल्यावर विचारायचं. आणि ती परत आली की ज्याने त्याने जाऊन आपापल्या फळीला हात लावायचा.

मला आमच्या गावची आठवण झाली. आमच्याकडे विहिरीत कोणी पडलं की दोर सोडण्याआधी विहिरीतला हिस्सा कोणाचा किती याची उजळणी होते. पडलेला माणूस खालून त्यात भाग घेतो.

"आनि एक," काका म्हणाला. "ही होडी रिकामी फिरणा नाय." फिरणं म्हणजे मागे फिरणं, परतणं. पूर्वी एकदा माणूस मिळत नाही म्हणून ती तशीच परत आली होती. दुसऱ्या दिवशी पलीकडे भोगव्याच्या खडकावर तो सापडला. फळकुटाला मिठी मारलेली; जीव गेलेला, पण अंग अजून ऊन होतं. "तेवापासून, जितो नायतर मेलेलो, माणूस होडयेत घेवनच येवचा. माज्या हातान ती एकदाय रिकामी येवक नाय."

"आणि परत बोलवायचं असेल तर? शंखाने बोलवता येतं ना?"

"शंख भायर काढूक," काका म्हणाला. "बोलवूक कित्याक?"

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा काका बाहेर गेला होता. काकी वाढता वाढता म्हणाली, "सोमवारी ती होडी वर काढतले. आनि तेंच्या हातातला सुकाण पण. नजर गेली तेंची. गावान सांगल्यान, आता पुरे. ते सांगतत, मीच सोडतंय." मग आमटीची पळी माझ्या ताटावर धरून, "रिकाम्या हातान सुटाक नाय, ह्या एकच बरा."

टोकाशी

दुसऱ्या दिवशी काकाने विचारलं, "मास्तर, पोवाक येता मां?"

"येतं की."

"टोकाकडे जाव नको. थंय पाणी फिरता."

मला वाटलं, फिरायला बरी जागा असणार.

दुपारी जेवून सगळे आडवे झाल्यावर मी पंचा खांद्यावर टाकून टोकाशी गेलो. पाणी शांत होतं, निळं होतं, माझ्या कमरेएवढं होतं. पंचा कमरेला गुंडाळून मी दोन हात मारले. पाच-सहा हात मारल्यावर मागे वळून पाहिलं, तर किनारा चालू लागला होता. सुरूची झाडं एकामागून एक डावीकडे निघाली होती. भरतीचं पाणी मला उचलून टोकाला वळसा घालत नदीच्या आत घेऊन चाललं होतं. विहिरीत हे होत नाही.

ओरडायला हवं होतं. 'वाचवा' हे आज्ञार्थी रूप. परक्या गावात आज्ञा कशी करायची? म्हणून मी वस्तुस्थिती सांगितली. "बुडालो! बुडालो!" त्यातला 'डा'चा काना पाण्याबरोबर पोटात गेला. बाहेर आलं ते "बुडलो! बुडलो!"

चष्मा गेला. मग जग गेलं. मी हातपाय झाडत राहिलो आणि ओरडत राहिलो. शेवटी कोणीतरी माझा दंड पकडला आणि काकीचा आवाज आला, "मास्तर, उबे ऱ्हवा!"

मी उभा राहिलो. पाणी मांडीपर्यंत होतं. नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर काकी आणि दोन बाया तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत होत्या. पाण्याने मला त्यांच्या टोपल्यांशी आणून टाकलं होतं. माझे गुडघे केव्हाच वाळूला लागले होते, पण मी बुडायचं थांबवलं नव्हतं.

काठावर येतो तोच बाबलकाका पाच-सहा गड्यांना घेऊन धावत आला. सुरूत जाळं शिवत बसलेल्या एकाने आरोळी ऐकली होती. काकाने माझे दोन्ही खांदे धरले.

"मास्तर, खंय बुडलो?"

कुठे बुडलो, असं तो मला विचारत होता. मी हात करून दाखवलं. "तिकडे. टोकाच्या पलीकडे."

"वरसां किती?"

"बेचाळीस." या घाईत वयाशी काय करायचंय, ते कळेना, पण डॉक्टरही आधी वयच विचारतो.

"अंगान कसो?"

बोलायला दम नव्हता. मी आपल्याच पोटावर थाप मारली. "असाच."

"पोवाक येय होता?"

"येत होतं," मी म्हणालो. मग खरं बोलावंसं वाटलं. "विहिरीत."

"लगीन?"

"झालंय. दोन मुली आहेत."

एका बाईने कपाळाला हात लावला. "अरे देवा! चेडवां उगडी पडली गो!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाचलेल्या परक्या माणसाच्या मुलींसाठीसुद्धा इतका कळवळा! काकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुमी केलास ता खूप झाला. कोण इतक्या करणा नाय. आता आमी बगतो."

माझ्या पोहण्याचं कौतुक आजवर कोणीच केलं नव्हतं. मी संकोचून म्हणालो, "चष्मा गेला हो माझा." पण ते ऐकायला काका थांबला नाही. थोड्या वेळाने समुद्राच्या बाजूने शंख वाजला.

गोधडीत

काकीने मला घरी नेऊन गोधडीत गुंडाळलं आणि उकड्या तांदळाची गरम पेज पुढ्यात ठेवली. बाजूला लोणच्याची फोड. त्या दोन बायाही येऊन बसल्या आणि माझ्याकडे आदराने पाहू लागल्या. म्हणजे बहुधा आदराने, कारण मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते.

"काका कुठे गेले?" मी विचारलं.

"तेका शोधूक," काकी म्हणाली.

तेका. म्हणजे त्याला. म्हणजे चष्म्याला! आमच्या साताऱ्यात चष्मा हरवला तर लोक 'नाकावर बघा' म्हणतात. इथे देवीची होडी निघाली, सहा गडी निघाले, शंख वाजला! कोकणच्या पाहुणचाराबद्दल मी बरंच ऐकलं होतं, पण हे फारच झालं. मी मनाशी ठरवलं की शाळेच्या नियतकालिकात यावर लिहायचं.

दुपार कलत गेली. माडांच्या झावळ्या आधी सळसळत होत्या, आता फटकारे मारू लागल्या. काकी दर थोड्या वेळाने समुद्राकडच्या दारात जाई आणि परत येऊन बसे. एकदा आली ती बसलीच नाही.

"वारो फिरलो," ती म्हणाली. "ओहोटी लागली काय तोंडार लाट उबी ऱ्हवता. नदयेचा पाणी भायर येता आनि दर्यो भुतूर. तेच्या आदी येवक व्हये."

"मग येतील की," मी म्हणालो.

"येवचे नाय. तो मेळासर येवचे नाय." तिने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "आनि ह्या येळाक तर नायच. ह्यो शेवटचो फेरो तेंचो."

मला फार अपराधी वाटलं. एका चष्म्यासाठी सहा माणसांनी वादळी वाऱ्यात राहायचं? मी गोधडीतून हात बाहेर काढला आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, "काकी, राहू द्या हो. एवढं काय त्यात! जुनाच होता. एका बाजूने तडकलेला. गेला तर गेला, मी दुसरा करून घेईन."

एका बाईने दुसरीच्या कानात म्हटलेलं मला ऐकू आलं: "बगलंस गो? माणूस गेलो आनि ह्यो म्हणता दुसरो करतंय!"

काकी माझ्यासमोर येऊन बसली. अगदी जवळ, तिचं तोंड मला आता दिसत होतं.

"मास्तर, जुनो कोण?"

"चष्मा."

"चष्मो?"

"तोच शोधायला गेलेत ना काका?"

"ते बुडलो तेका शोधूक गेले!"

"बुडलो तो मीच की!" मी म्हणालो. "तुम्हीच तर काढलंत मला!"

"तुमी वरडलास मां, 'बुडलो' म्हणान?"

"हो, बुडालो म्हणजे मी—"

आणि मालवणच्या स्टँडवरचा म्हातारा, टोपली, केशवचं हसणं, सगळं एकदम हाताला लागलं. तो इलो. तो गेलो. तो बुडलो. मी भर समुद्रातून साऱ्या देवबागेला ओरडून सांगितलं होतं की कोणीतरी दुसराच बुडालाय! वय बेचाळीस, अंगाने माझ्यासारखा, दोन मुलींचा बाप; आणि त्याला वाचवायला पाण्यात गेलेला शूर तो मी. बाबलकाका आणि पाच गडी त्या माणसाला फिरत्या वाऱ्यात शोधत होते, आणि तो माणूस त्यांच्याच घरी, त्यांच्याच गोधडीत, पेज पीत बसला होता.

तो त्यांना कधीच मिळणार नव्हता. आणि तो मिळाल्याशिवाय ते परतणार नव्हते.

"शंख वाजवा!" मी उठलो. "सांगा त्यांना!"

"शंख वाजलो तर समजतले आणखी एक बुडलो," काकी म्हणाली. "आणखी लांब जातले." तिने दारामागचं वल्हं उचललं. "चला. बुडलेलो माणूस थंय पोचवूक व्हयो."

तोंडाशी

गावातल्या बाकी होड्या झापांखाली. नदीत एकच छोटी होडी होती, माणसं पलीकडे उतरवणाऱ्या पास्कूची. पास्कूने एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि छातीवर क्रूस काढला. तो बहुधा माझ्यासाठी होता. तो आणि काकी वल्ही मारू लागले. गोधडी उतरवून मी मधे बसलो, कारण माझ्या मदतीने होडी गोल फिरते हे दोनच हातांत सिद्ध झालं होतं.

नदीच्या तोंडाशी पाणी थरथरत होतं. भरती संपली होती. पाणी उभं होतं, आत जावं की बाहेर या विचारात. मला समोर नुसती दुधाळ धांदल दिसत होती, पण काकीला होडी दिसली. "ते बगा. अजून फिरतत." "मास्तर, वरडा!"

"काय ओरडू?" मी घाबरून विचारलं. पुन्हा पुरुष चुकायला नको होता.

"सापडलो म्हणान वरडा!"

मी उभा राहिलो, पास्कूने माझा पंचा मागून धरला, आणि मी छाती फोडून ओरडलो, "सापडलो! सापडलो!" साताऱ्याच्या व्याकरणाने मी सापडलो होतो, मालवणच्या व्याकरणाने तो सापडला होता. दोन्हीकडून बरोबर असलेलं त्या दिवसातलं माझं हे एकच वाक्य.

गोधडीसारखी ती होडी जवळ आली. गड्यांचे चेहरे दमून काळवंडले होते म्हणे. मला फक्त काकाचा आवाज ओळखू आला. घोगरा, बसलेला.

"कोण सापडलो?"

"बुडलो तोच!" काकी ओरडली.

"खंय आसा?"

"ह्यो काय! ह्योच तो! मास्तरच बुडलो होतो!"

वल्ही थांबली. मग एक गडी हसला, मग दुसरा. सहा तास माती खणावी आणि खाली आपलीच चप्पल सापडावी, तसं ते हसणं होतं. काका हसला नाही.

"तेका पाण्यातसून काढल्यान कोणी?" त्याने विचारलं.

काकी गप्प. त्या दोन होड्यांत तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी सोडून सगळ्यांना कळला असावा. एक गडी म्हणाला, "काका, चला आता. ओहोटी लागली. माणूस मेळलो मां?"

"माज्या होडयेत मेळाक नाय," काका म्हणाला. एवढंच. सुकाण धरून बसून राहिला; दुसऱ्यांदा गप्प. मागे पहिली लाट उभी राहिल्याचा आवाज मला चष्म्याशिवायही ऐकू आला.

मग काकी हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तेंच्या होडयेत जावा. लवकर."

दोन्ही होड्या एकमेकींना लागल्या. मी एक पाय उचलून पलीकडच्या फळीवर ठेवला. दुसरा पाय अजून पास्कूच्या होडीत. आणि नेमकं त्याच वेळी मधलं अंतर वाढू लागलं. मी शक्य तेवढा लांब झालो. मग झालो नाही.

या वेळी पाणी मांडीपर्यंत नव्हतं. खाली काहीच नव्हतं. मी ओरडलोसुद्धा नाही. ओरडायला तोंड वर लागतं. हिरवा अंधार, कानांत घंटा, साताऱ्याचं घर, थोरलीचे परकराचे नाडे. आणि मग मानगुटीवर एक पंजा. उचलला गेलो, घासत वर आलो, आणि ज्या फळीवर काल बांगडा सांडला होता तिच्यावर पालथा पडलो.

"मेळलो!" काका गरजला. त्याचा आवाज परत आला होता. "मेळलो रे! चला, फिरवा!"

सगळी वल्ही एकदम पडली. मागून लाटा एकामागून एक उभ्या राहत होत्या, पण आम्ही त्यांच्या पुढे होतो. पास्कूची होडी आमच्या बाजूने, काकी वल्हं मारत. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

नदीकाठी सारं गाव उतरलं होतं. एकेक जण पुढे येऊन आपापल्या फळीला हात लावत होता. मीही कुठेतरी हात लावला. ती फळी कोणाची ते कोणी विचारलं नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं झालं, म्हणजे साऱ्या गावाने देवीला घातलेलं साकडं. गावच्या म्हाताऱ्याने नारळ हातात धरून देवीला सांगितलं, "ह्यो घाटावरलो मास्तर तुज्या पाण्यात बुडलो, तेका बाबल तांडेलान भायर काढल्यान, तेका सांबाळून घे." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. वाळूच्या पट्ट्यावर दंड धरून मला आधी कोणी उभं केलं होतं, ते गाऱ्हाण्यात आलं नाही. काकी बायकांच्या घोळक्यातून "होय म्हाराजा" म्हणत होती, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

सोमवारी होडी वर चढली, झापांखाली गेली. बाबलकाकाने सुकाण पुतण्याच्या हातात दिलं आणि ते कसं धरायचं यावर इतकं बोलला की पुतण्याला ते परत द्यावंसं वाटलं असणार. केशव वालावलहून आला, त्याने सगळी हकीकत ऐकली आणि तो मला निरोप देईपर्यंत हसत राहिला.

मला एक गोष्ट मात्र छळत होती. दोन होड्यांमधलं ते अंतर. लाट आली नव्हती, वल्हं पडलं नव्हतं. पण पाण्यात जाण्याआधी, चष्मा नसलेल्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढं, मला एक अनवाणी पाय दिसला होता. पास्कूच्या होडीतून पलीकडच्या फळीला रेटा देणारा. निघायच्या सकाळी काकी फणसपोळी बांधून देत होती. काका अंगणात कोणाला तरी माझी मानगूट कशी पकडली ते हातवारे करून सांगत होता. मी हळूच विचारलं, "काकी, खरं सांगा. तो पाय तुमचाच होता ना?"

काकीने गाठ मारली, दाताने सुतळी तोडली आणि पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"तुमका पाडूक पाय कित्याक व्हयो, मास्तर?" ती म्हणाली. "तुमी आपणाहून पडतास."